मिल्ड्रेडच्या घरात सगळे बोलतात, मग संवाद संपला कुठे?

निबंधासाठी तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. रे ब्रॅडबरी यांच्या ‘फॅरनहाइट 451’ या कादंबरीत माणसं गप्प बसलेली दिसतच नाहीत. भिंतींवरचे टीव्ही दिवसभर बडबडतात, मैत्रिणी एकमेकींकडे जमतात, नवरा-बायको बोलतात, भांडतातही. मग त्या समाजात पडद्यानं संवादाची जागा घेतली, असं सगळे म्हणतात ते कशाच्या जोरावर? आणि खापर फोडायचं कुणाच्या डोक्यावर, पडद्याच्या की राज्यकर्त्यांच्या?

मी बरीच वर्षं मालिकांचे संवाद लिहिले, आता कथा-पटकथा शिकवतो. त्यामुळे हे उत्तर समीक्षकाचं कमी आणि संवाद लिहून पोट भरलेल्या माणसाचं जास्त असेल.

कादंबरी वाचली नसेल त्यांच्यासाठी एवढंच. 1953 साली आलेली ही गोष्ट भविष्यातल्या अमेरिकेत घडते. तिथे पुस्तकं बाळगणं गुन्हा आहे आणि फायरमन आगी विझवत नाहीत, पुस्तकं जाळतात. नायक गाय मॉन्टॅग असाच एक फायरमन. त्याची बायको मिल्ड्रेड. तिच्या दिवाणखान्याच्या तीन भिंती म्हणजे तीन टीव्ही, आणि तिला आता चौथीही हवी आहे. खर्च दोन हजार डॉलर, म्हणजे मॉन्टॅगच्या वर्षाच्या पगाराचा तिसरा हिस्सा.

आता सुरुवातीकडचाच एक प्रसंग घ्या. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. मिल्ड्रेडनं खोक्यांची झाकणं पाठवून एका नाटकाची संहिता टपालानं मागवली आहे. नाटक भिंतींवर होणार आणि त्यातलं एक पात्र मुद्दाम मोकळं ठेवलेलं. घरातल्या बाईनं ते घरबसल्या करायचं. वेळ आली की तिन्ही भिंतींवरची माणसं वळून तिच्याकडे बघतात आणि विचारतात, या सगळ्याबद्दल तुझं काय मत आहे, हेलन? मिल्ड्रेडनं म्हणायचं, मला तर छान वाटतं. पुढे पुन्हा कुणीतरी विचारतं, पटतंय ना तुला? तिनं म्हणायचं, अगदी पटतंय. बस, हीच तिची भूमिका. नाटक कशाबद्दल आहे असं मॉन्टॅग विचारतो, तर ती म्हणते, सांगितलं ना, बॉब, रूथ आणि हेलन नावाची माणसं आहेत.

वर्गात हा उतारा वाचला की मुलं हसतात. मग मी त्यांना एक काम देतो. मिल्ड्रेडची वाक्यं बदलून बघा. ‘छान वाटतं’च्या जागी ‘मला हे मुळीच पटत नाही’ असं तिला म्हणू द्या. नाटकात काय फरक पडेल? काहीच नाही. बॉब आणि रूथ तितकेच सेकंद थांबतील, मान डोलावतील आणि आपलं पुढचं वाक्य म्हणतील. मिल्ड्रेड उठून निघून गेली असती तरी तेच.

संवाद संपला कुठे, तर इथे. भिंत मिल्ड्रेडचं तोंड बंद करत नाही. उलट बोलण्याचा सगळा सरंजाम ती पुरवते. नावानं हाक आहे, प्रश्न आहे, उत्तरासाठी थांबणं आहे, आपल्याकडे लागलेले डोळे आहेत. काढून घेतलंय ते एकच, तुमच्या बोलण्यानं समोरच्याचं पुढचं वाक्य बदलण्याची शक्यता. दोन माणसं बोलतात तेव्हा ती शक्यता सतत डोक्यावर टांगलेली असते. बायको ‘नाही’ म्हणाली तर आपल्याला दुसरं काहीतरी सुचावं लागतं, कधी माघार घ्यावी लागते. ती धास्ती काढून टाकली की बोलणं फार सुखाचं होतं. मिल्ड्रेडला त्या सुखाची चटक लागली आहे.

पुढे ब्रॅडबरी आणखी एक यंत्र दाखवतात. शंभर डॉलरचं. निवेदक प्रेक्षकांना उद्देशून बोलताना नावाची जागा मोकळी सोडतो, यंत्र तिथे मिल्ड्रेडचं नाव भरतं, आणि दुसरं एक यंत्र निवेदकाच्या ओठांची हालचालसुद्धा त्या नावाबरहुकूम करून देतं. हे लिहिलंय 1953 च्या सुमारास, जेव्हा टीव्ही म्हणजे काळ्या-पांढऱ्या चित्राचं एक लहानसं खोकं होतं! तंत्राचं भाकीत म्हणून लोक याचं कौतुक करतात, ते ठीक आहे. मला त्यातलं माणसांविषयीचं निरीक्षण जास्त पक्कं वाटतं. आपलं नाव कुणीतरी घ्यावं ही भूक इतकी मोठी आहे की नाव घेणाऱ्याला आपण ठाऊक आहोत की नाही, हे तपासायच्या फंदात कुणी पडत नाही.

आणि हे सगळं हवेतून आलेलं नाही. अमेरिकेत 1950 साली दहातल्या एकाही घरात धड टीव्ही नव्हता, 1955 पर्यंत जवळपास दोन तृतीयांश घरांत पोचला. कादंबरी याच लाटेच्या मधोमध लिहिली गेली. ‘द फायरमन’ या नावानं तिचं छोटं रूप ‘गॅलक्सी’ मासिकात फेब्रुवारी 1951 मध्ये आलं, आणि पुस्तक 1953 च्या ऑक्टोबरात. त्याच ऑक्टोबरात सीबीएस या अमेरिकी टीव्ही वाहिनीवर ‘विंकी डिंक अँड यू’ नावाचा मुलांचा कार्यक्रम सुरू झाला. मुलांनी पन्नास सेंटचा संच मागवायचा, त्यातला पारदर्शक कागद टीव्हीच्या काचेवर चिकटवायचा आणि चित्रातला विंकी डिंक अडला की खडूनं त्याच्यासाठी पूल काढायचा. मुलानं पूल काढला की तो पलीकडे जाणार. आणि काढला नाही तरी जाणारच, कारण प्रक्षेपण सगळ्यांना सारखंच. मिल्ड्रेडचं नाटक आणि हा कार्यक्रम यांची कल्पना एकच, आणि दोन्ही लोकांपुढे आले एकाच महिन्यात. ब्रॅडबरींनी तो कार्यक्रम बघून लिहिलं असणं शक्य नाही. कल्पना त्या काळाच्या हवेतच होती.

तीन वर्षांनी, 1956 मध्ये, डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी याच गोष्टीवर शोधनिबंध लिहिला. पडद्यावरचा माणूस प्रेक्षकाशी थेट, जिव्हाळ्यानं बोलतो, प्रेक्षकाला नातं जुळल्यासारखं वाटतं, पण ते नातं एकतर्फी असतं आणि त्यात देवाणघेवाण वाढत नाही. आज सोशल मीडियावरच्या चाहत्यांबद्दल बोलताना ‘पॅरासोशल’ हा शब्द सर्रास येतो, तो त्यांच्याच निबंधातला. तुमच्या निबंधात ही कल्पना आणाल तर मिल्ड्रेडच्या भिंतीतल्या माणसांना ती ‘फॅमिली’ म्हणते याकडे लक्ष वेधा. मॉन्टॅग तिला एकदा विचारतो की ही फॅमिली तुझ्यावर प्रेम करते का, तर तिला तो प्रश्नच खुळचट वाटतो.

आता नवरा-बायकोकडे येऊ. तुम्ही म्हणालात की ते दोघं बोलतात. बोलतात, पण त्यांच्या बोलण्यावर भिंतीची सवय चढलेली आहे, आणि ब्रॅडबरींची खरी करामत मला तिथे दिसते. भिंती सगळ्यांना दिसतात, ही सवय हळू वाचल्याशिवाय दिसत नाही.

मॉन्टॅग आजारी पडलाय तो प्रसंग काढा. डोकं दुखतंय, बाहेर भिंती गर्जताहेत. तो तिला विनवतो, जरा बंद करतेस का? ती म्हणते, अरे, माझी फॅमिली आहे ती. तो म्हणतो, आजारी माणसासाठी? मग ती म्हणते, आवाज कमी करते. खोलीबाहेर जाते, कशालाही हात न लावता परत येते आणि विचारते, आता बरं वाटतंय? तो म्हणतो, थँक्स.

पटकथेच्या वर्गात हा प्रसंग मी फळ्यावर मांडतो. विनंती, होकार, चौकशी, आभार. कागदावर बघितलं तर आदर्श दांपत्याचा संवाद आहे. प्रत्यक्षात काहीही घडलेलं नाही. टीव्हीचा आवाज तेवढाच आहे, आणि मॉन्टॅगचे आभारसुद्धा तितकेच पोकळ, कारण आवाज कमी झालेला नाही हे त्यालाही ऐकू येत असणारच. भिंतीवरच्या नाटकात जसं उत्तरानं काही बदलत नाही, तसंच आता बेडरूममध्येही बदलत नाही. मालिकेत मी असे कितीतरी प्रसंग लिहिलेत जिथे चारही वाक्यं गोड असतात आणि काहीच हलत नाही. तिथे एपिसोड भरायचा असतो म्हणून. इथे लेखकानं तेच जाणूनबुजून, एका संसाराचं निदान म्हणून केलंय.

तशीच क्लॅरिसच्या मृत्यूची बातमी. क्लॅरिस ही शेजारची सतरा वर्षांची मुलगी, मॉन्टॅगला पहिल्यांदा हलवून सोडणारी. ती काही दिवस दिसत नाही. मॉन्टॅग बायकोला विचारतो, तर ती म्हणते, मला वाटतं ती गेली, गाडीखाली आली, चार दिवस झाले असतील, नक्की माहीत नाही, सांगायचं राहिलंच. विसरले. माणूस गेल्याची बातमी तिच्याजवळ चार दिवस पडून होती, कारण रोजच्या बोलण्यात अशी बातमी ठेवायला तिच्याकडे जागाच उरलेली नाही. तिच्या स्वरात दुष्टपणा नाही, आणि त्यामुळेच तो उतारा अंगावर येतो.

रात्री ती कानात शिंपल्यासारखे रेडिओ खुपसून झोपते. इतकी वर्षं झाली आहेत की कानात बोळे असतानाही तिला समोरच्याच्या ओठांवरून शब्द वाचता येतात. मॉन्टॅगच्या मनात येतं, आपणच एखादं छोटं प्रक्षेपण केंद्र विकत घ्यावं आणि रात्री बायकोच्या कानात बोलावं. पण बोलायचं काय? हा दुसरा प्रश्न त्याला पहिल्यापेक्षा जास्त घाबरवतो. पहिला अडथळा यंत्राचा आहे, तो पैशानं दूर होईल. दुसरा त्याच्या स्वतःच्या आत आहे.

जाता जाता एक सांगतो. 1953 च्या मे महिन्यात ब्रॅडबरींनी ‘द नेशन’ साप्ताहिकात लिहिलं होतं, की मला वाटत होतं मी चार-पाच दशकांनंतरचं जग रंगवतोय, पण नुकतंच बेव्हर्ली हिल्समध्ये एक जोडपं कुत्र्याला फिरवताना दिसलं. बाईच्या हातात सिगारेटच्या पाकिटाएवढा रेडिओ, त्याची तार कानात, आणि नवरा तिला फुटपाथवरून चढवतोय-उतरवतोय, जणू तो तिथे नाहीच. पुस्तक अजून बाजारात यायचं होतं.

या सगळ्याच्या उलट बाजूला क्लॅरिसचं घर आहे. तिकडे फारसं लक्ष जात नाही, कारण त्या घरात आपण आत जातच नाही. मॉन्टॅग रात्री बाहेर उभा राहून ऐकतो. सगळे दिवे लागलेले, आई-वडील आणि काका बसून बोलताहेत, मनापासून हसताहेत. काय बोलताहेत ते ब्रॅडबरी सांगत नाहीत, थोडे विखुरलेले शब्द तेवढे ऐकू येतात. मॉन्टॅगला नवल वाटतं ते एवढ्या उशिरा घरात दिवे आहेत याचंच. काय चाललंय असं तो विचारतो, तर क्लॅरिस सांगते, आई, बाबा आणि काका बसून बोलताहेत. तो विचारतो, पण बोलतात तरी काय? ती हसते आणि निघून जाते.

संवाद म्हणजे काय हे मात्र कादंबरीत तीच सांगते, पहिल्याच भेटीत. ती मॉन्टॅगला म्हणते, की मी गमतीचं काही बोलले नाही तरी तुम्ही हसता आणि मी विचारलेल्याचा विचार न करता लगेच उत्तर देता. इतकं नेमकं निरीक्षण मला संवादलेखनाच्या एकाही पाठ्यपुस्तकात सापडलेलं नाही. समोरच्याला चटकन उत्तर सुचतंय याचा अर्थ बहुतेक वेळा प्रश्न त्याच्यापर्यंत पोचलेलाच नाही. क्लॅरिस शेवटी विचारते, तुम्ही सुखी आहात का? आणि याचं उत्तर मॉन्टॅगला लगेच सुचत नाही. दार बंद झाल्यावर तो एकटाच त्या प्रश्नाशी झगडतो. कादंबरीचा गाडा हलतो तो त्या न सुचलेल्या उत्तरानं.

शाळेविषयी ती सांगते तेही बघा. तिला लोक ‘समाजात मिसळत नाही’ म्हणतात, म्हणून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात. आणि मिसळणं म्हणजे काय, तर एक तास टीव्हीचा, मग खेळ, मग आणखी फिल्म. प्रश्न कुणी विचारत नाही. उत्तरंच एकामागून एक अंगावर येत राहतात. माणसं एका खोलीत असणं आणि माणसं एकमेकांशी बोलणं हे दोन वेगळे व्यवहार आहेत. त्या समाजानं पहिल्यालाच सामाजिकता म्हणून टाकलंय.

आता खापराचा प्रश्न. कादंबरी इथे साधं उत्तर देत नाही, तुम्हीही देऊ नका.

मॉन्टॅगचा वरिष्ठ कॅप्टन बीटी लांबलचक भाषण करतो, त्यात तो स्पष्ट म्हणतो की हे सरकारनं वरून लादलेलं नाही. आधी वेग आला. पुस्तकं पंधरा मिनिटांच्या रेडिओ कार्यक्रमात बसवली, मग दोन मिनिटांच्या मजकुरात, मग कोशातल्या दहा-बारा ओळींत. बटणाच्या जागी झिपर आली आणि सकाळी कपडे घालताना विचार करायला मिळायचा तेवढा वेळही गेला. बीटी खलनायक आहे, त्याच्या शब्दावर किती विश्वास ठेवायचा हा वाद घाला जरूर, पण घरांच्या ओसरीची गोष्ट त्याच्या म्हणण्याला दुजोरा देते आणि ती येते क्लॅरिसच्या तोंडून. पूर्वी घरांना पुढे ओसरी असायची, लोक तिथे बसून बोलायचे किंवा नुसतेच बसायचे. वास्तुरचनाकारांनी ओसऱ्या काढल्या आणि कारण दिलं की त्या दिसायला बऱ्या नाहीत. तिच्या काकांच्या मते खरं कारण वेगळं होतं. लोक रिकामे बसून बोलत होते, विचार करत होते, तेच नको होतं. म्हणजे पडद्यानं येऊन भरलेली जागा आधीच मोकळी केलेली होती. निबंधात हा क्रम सांभाळलात तर तो बाकीच्यांपेक्षा वेगळा होईल. बहुतेक जण पडदा आला आणि बोलणं गेलं असं लिहितात.

चालणंसुद्धा तसंच. क्लॅरिसचे काका पायी चालले म्हणून एकदा पकडले गेले आणि हमरस्त्यावर ताशी चाळीस मैलांनी गाडी चालवली म्हणून दोन दिवस तुरुंगात बसले. 1951 साली ब्रॅडबरींची ‘द पेडेस्ट्रियन’ ही लघुकथा प्रसिद्ध झाली, तिच्यात संध्याकाळी एकटाच फिरणारा माणूस आहे. बाकी सगळे अंधाऱ्या घरांत टीव्हीसमोर, आणि याला पोलिसांची माणूस नसलेली गाडी उचलून मनोरुग्णांच्या संस्थेत नेते. एका मित्राबरोबर रात्री चालत बोलत असताना पोलिसानं हटकलं, या स्वानुभवातून ती कथा आली असं ते सांगत. त्यांच्या डोक्यात चालणं आणि बोलणं ही जोडीच होती. दोन्हींना वेळ लागतो, दोन्हींत कुठे पोचू ते आधी ठरलेलं नसतं.

मग यंत्र निर्दोष? याचं उत्तर म्हातारा प्राध्यापक फेबर देतो, आणि दोनदा देतो, एकदा शब्दांतून आणि एकदा कृतीतून. शब्दांत तो म्हणतो की पुस्तकात जे असतं ते रेडिओ-टीव्हीतूनही देता आलं असतं, कुणी दिलं नाही एवढंच. भिंतीवरच्या टीव्हीशी मात्र वाद घालता येत नाही, तो अंगावर येतो आणि तुम्हाला उत्तर सुचायच्या आत पुढे गेलेला असतो. पुस्तक मिटता येतं. कृती अशी, की फेबरनं स्वतःच बंदुकीच्या बारीक गोळीएवढं एक यंत्र बनवलंय. मॉन्टॅग ते कानात घालतो, फेबर घरी बसून त्याला ऐकतो आणि त्याच्याशी बोलतो. मिल्ड्रेडच्या कानातही यंत्र आणि मॉन्टॅगच्या कानातही! ब्रॅडबरींनी हे साम्य उगीच ठेवलेलं नाही.

आणि पुढे बघा काय होतं. फेबर त्याच्या कानात सूचना देऊ लागतो, मॉन्टॅग त्या पाळतो. थोड्या वेळानं मॉन्टॅगच म्हणतो, की नुसतं सांगितलेलं करायचं असेल तर बाजू बदलून मी काय मिळवलं? फेबर खूष होतो आणि म्हणतो, आत्ताच तू शहाणा झालास. मिल्ड्रेडच्या कानातल्या यंत्राशी असं भांडता येत नाही. इथे तक्रार केली आणि समोरच्याचं पुढचं वाक्य बदललं. वर जी कसोटी सांगितली ती याच पानावरून मी उचलली आहे.

पुढचा मोठा प्रसंग मैत्रिणींचा. मिसेस फेल्प्स आणि मिसेस बोल्स मिल्ड्रेडकडे कार्यक्रम बघायला येतात. भिंतीवर विदूषक एकमेकांचे हातपाय तोडताहेत, गाड्या एकमेकींवर आदळताहेत, बायका हसताहेत. मॉन्टॅग मुख्य स्विच ओढतो आणि म्हणतो, चला, बोलू या. त्या रिकाम्या भिंतींकडे अस्वस्थ होऊन बघत राहतात. मग बोलतात. एकीचा नवरा लष्करात बोलावला गेलाय, ती म्हणते काळजी त्याची त्यानं करायची. दुसरी मुलांबद्दल सांगते, की दिवाणखान्यात ढकलायची आणि बटण दाबायचं, मशीनमध्ये कपडे कोंबून झाकण लावल्यासारखं. निवडणुकीचा विषय निघतो तर जिंकलेला उमेदवार दिसायला छान होता आणि हरलेला बुटका होता, भर टीव्हीवर नाकात बोट घालत होता, एवढंच त्यांना आठवतं. युद्ध, मुलं, मतदान, यापेक्षा जड विषय कोणते? विषय आले तरी त्यांच्याविषयी बोलायची भाषा त्यांच्याजवळ नाही.

मग मॉन्टॅग त्यांना मॅथ्यू अर्नॉल्ड यांची ‘डोव्हर बीच’ ही कविता वाचून दाखवतो आणि मिसेस फेल्प्स रडू लागते. का रडतेय ते तिला सांगता येत नाही. मिसेस बोल्स चिडते. माझ्या मते मॉन्टॅगही इथे संवाद करत नाही, हल्ला करतो. मिसेस बोल्सनं एक नवरा घटस्फोटात, एक अपघातात आणि एक आत्महत्येत गमावलाय हे तो पुढे तिच्याच तोंडावर फेकतो. पडदा बंद केला म्हणून ऐकणं आपोआप सुरू होत नाही, हे लेखकानं नायकाची बाजू न घेता दाखवलंय.

तुलनेला दुसरी पुस्तकं घ्यायची असतील तर दोन पुरेत. जॉर्ज ऑरवेल यांच्या ‘1984’ मध्ये (प्रकाशन 1949) टेलिस्क्रीन दाखवतो आणि बघतोही. सत्ताधारी पक्षाच्या साध्या सदस्याला तो बंद करता येत नाही. तिथे बोलणं भीतीनं मरतं. इथे करमणुकीनं मरतं, आणि मारणाऱ्या वस्तूसाठी लोक पगाराचा तिसरा हिस्सा मोजायला तयार आहेत. दुसरं म्हणजे ई. एम. फॉर्स्टर यांची 1909 ची दीर्घकथा ‘द मशीन स्टॉप्स’. टीव्हीचा जन्म व्हायच्या आधी लिहिलेली! जमिनीखाली एकेकट्या खोल्यांत राहणारी माणसं तबकडीवर एकमेकांना बघून हजारोंशी ओळखी ठेवतात, व्याख्यानं देतात. मुलगा कुनो आईला म्हणतो, यंत्रातून नको, समोर येऊन भेट. आईला ते कळतच नाही, तबकडीत मी दिसतेय ना? यंत्र चेहऱ्यावरच्या बारीक छटा गाळून टाकतं आणि कामापुरतं चित्र पुरवतं, आणि सगळ्यांनी ते चालवून घेतलंय. ब्रॅडबरींपेक्षा फॉर्स्टर इथे सूक्ष्म आहेत असं माझं मत. त्यांच्या जगात पलीकडे खरा माणूस असतो, तरीही काहीतरी निसटतं.

कादंबरीची बाजूही झोडपायला हवी तिथे झोडपा. पडद्याला भुललेल्या ठळक व्यक्तिरेखा जवळपास सगळ्या बायकाच आहेत, आणि शेवटी जंगलात जाऊन पुस्तकं पाठ करणारे, आगीभोवती बसून हवं ते बोलणारे सगळे पुरुष. याकडे दुर्लक्ष करून लिहिलेला निबंध आज अपुरा वाटेल. शिवाय पडद्यावर बघितलेल्या गोष्टीवर माणसं भांडतात, रडतात, तासन्‌तास बोलतात ही शक्यता कादंबरी जवळपास वगळते. मालिकेतल्या एका लग्नावरून दोन पिढ्यांनी पहिल्यांदा लग्नाविषयी मोकळं बोललेलं मी पाहिलंय. ब्रॅडबरींनाही हे ठाऊक असणार. त्यांनी पुढे स्वतःच्या कथांवर ‘द रे ब्रॅडबरी थिएटर’ ही टीव्ही मालिका केली, 1985 पासून काही वर्षं.

शेवटी एका धाग्याकडे बघा, तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत जातो आणि निबंधाला कणा म्हणून उपयोगी पडेल. पहिल्या भागात मॉन्टॅग बायकोला विचारतो, आपण पहिल्यांदा कुठे भेटलो होतो? दोघांनाही आठवत नाही. ती हसते, कपाळ चोळते, मग म्हणते, काय फरक पडतो, आणि बाथरूममध्ये जाऊन झोपेच्या गोळ्या घेते. काही दिवसांपूर्वीच एका रात्री तिनं गोळ्यांची अख्खी बाटली रिचवलेली असते, आणि तेही तिला आठवत नसतं. आठवण दोघांनी मिळून पुन्हा पुन्हा बोलून टिकवायची असते. या घरात ते झालेलंच नाही. शेवटच्या भागात शहरावर बॉम्ब पडतात. मॉन्टॅगला डोळ्यांसमोर दिसतं की स्फोटाआधीच्या क्षणी एका हॉटेलात मिल्ड्रेडच्या समोरची भिंत विझली आणि त्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला. पुढच्याच क्षणी, जमिनीवर पालथा पडलेला असताना, त्याला आठवतं. शिकागो. खूप वर्षांपूर्वी आपण शिकागोत भेटलो होतो. उत्तर मिळतं, पण ज्या माणसाला सांगायचं ते उरलेलं नसतं.